एल्मली, केंट: गुरांनी राखलेले पाणथळ कुरण

इंग्लंडमधील केंट परगण्यात, शेपी बेटाच्या दक्षिण काठाने स्वेल खाडीलगत पसरलेले एल्मली राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र लंडनच्या परिसरात राहणाऱ्या पक्षीप्रेमी मराठी कुटुंबांनी अवश्य पाहावे, आणि शक्यतो एप्रिल-मे महिन्यांतच पाहावे. ३००० एकरांहून अधिक असलेली ही जमीन एक शेतकरी कुटुंब सांभाळते. येथे गुरे पाळणे आणि पक्ष्यांची वीण वाढवणे ही वेगवेगळी कामे मानलीच जात नाहीत.

प्रवेशद्वारापासून वाहनतळापर्यंतचा सुमारे दोन मैलांचा कच्चा रस्ता हेच या भेटीचे सार आहे. वाटेत गाडीतून उतरायचे नाही, हा नियम पहिल्यांदा जाचक वाटेल. परंतु पक्षी माणसाला घाबरतात तितके गाडीला घाबरत नाहीत, त्यामुळे आपल्या टिटवीचा तुरेवाला भाऊबंद असलेला लॅपविंग रस्त्यालगतच पिल्लांसह चरताना दुर्बिणीशिवायही दिसतो. गाडी शक्य तितकी सावकाश चालवावी.

हे दृश्य आपोआप घडलेले नाही. लॅपविंगला चहूकडे नजर पोहोचेल असे आखूड गवत लागते, कारण शत्रू दुरून दिसला तरच तो अंडी वाचवू शकतो. उलट रेडशँक हा लाल पायांचा पाणपक्षी गवताच्या ठोंबात घरटे लपवतो. मेंढी गवत मुळालगत सारखे कुरतडते, तर गाय जिभेने वेढा घालून ते उपटते आणि मध्ये मध्ये ठोंब शिल्लक ठेवते, म्हणून या दोन्ही पक्ष्यांना मानवणारे असमान कुरण गाईच चांगले घडवतात. त्यांच्या शेणावर किडे येतात आणि अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच स्वतः चरू लागणाऱ्या पिल्लांना ते उपयोगी पडतात. मात्र विणीच्या काळात गुरे जास्त झाली, तर घरटी खुरांखाली जातात. म्हणून वसंतात मोजकीच जनावरे सोडायची आणि उन्हाळा सरताना चराई वाढवून हिवाळ्याआधी गवत आखूड करून घ्यायचे, असे हे गणित असते. जोडीला उथळ चरांमध्ये वसंतापर्यंत पाणी धरून ठेवावे लागते, कारण पिल्लांना चिखलाची ओली कड हवी असते. चराई आणि पाणी यांपैकी एकाच गोष्टीवर भर देऊन हे साधत नाही, हे येथे डोळ्यांना दिसते, आणि त्यासाठीच मी या जागेला इतके मानतो.

आपल्याकडे भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये चराई बंद झाली. त्यानंतर म्हशींअभावी गवत बेसुमार माजून पक्ष्यांसाठीचे मोकळे पाणी आक्रसले, असे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात आढळले. गुरे म्हणजे निसर्गाचे नुकसान, असे सरसकट मानणाऱ्या प्रत्येकाने एल्मलीचे कुरण जवळून पाहावे, असे मला मनापासून वाटते. रेडशँक तर आपल्या ओळखीचा पाहुणा आहे; हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलावरही हा पक्षी दिसतो.

गैरसोयींचाही विचार करून निघावे. जमीन सपाट आणि जवळजवळ वृक्षहीन असल्याने खाडीवरचा वारा थेट अंगावर येतो, आणि पक्षी पाहण्याच्या आडोशांपर्यंत बरेच अंतर पायी जावे लागते. सोबत वृद्ध किंवा लहान मुले असतील, तर आडोशांचा आग्रह सोडून गाडीतूनच जाता-येता कुरण पाहावे. विणीच्या दिवसांत त्यात फारसे काही हुकत नाही. मुक्कामासाठी मेंढपाळांच्या जुन्या फिरत्या खोल्यांच्या धर्तीवर बांधलेल्या लाकडी खोल्या आहेत. ज्यांना परवडेल त्यांनी एक रात्र तेथे राहावे, म्हणजे दिवसभराच्या भेटीला येणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू होण्याआधीचा पहाटेचा वेळ पक्षी पाहण्यासाठी मिळतो.