'लाइफटाइम अनलिमिटेड क्लाउड' विकणाऱ्यांपासून सावध राहा

"साहेब, एकदाच पैसे भरा, आयुष्यभर अनलिमिटेड जागा" असं म्हणत कुणी तुमच्या कारखान्यात आलं, तर त्याला चहा पाजण्याआधी हे वाचा. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. आमच्या सगळ्या फाइल्स अशाच एका माणसाने घालवल्या.

आमच्यासारख्या धंद्यात मशीन बँकेचं असतं आणि जागा भाड्याची. स्वतःचं म्हणावं असं जे असतं ते कागदात: गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज, त्यांच्या एकेक रिव्हिजन, व्हीएमसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचे) प्रोग्रॅम, इन्स्पेक्शन रिपोर्ट, मटेरियलची टेस्ट सर्टिफिकेटं. हे सगळं ऑफिसातल्या एका सर्व्हरवर होतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, तेव्हापासून हा डेटा बाहेर कुठेतरी सुरक्षित ठेवायचा हे आमच्या मनात होतं. विक्रेत्याने नेमकी हीच भीती धरली. आमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याच्या ओळखीने आला, 'गूगलचे पार्टनर' असं छापलेलं कार्ड दिलं, जीएसटीचं बिल दिलं. रविवारी दोन पोरं पाठवून सगळ्या फाइल्स चढवून दिल्या. वर जुना सर्व्हर बायबॅकमध्ये उचलून नेला आणि त्याचे पैसे बिलातून वजाही केले.

दिसायला सगळं चोख होतं. आमच्याच जीमेल खात्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये, 'शेअर्ड ड्राइव्ह'खाली, आमच्या फर्मच्या नावाचा ड्राइव्ह. आत गिऱ्हाइकवार फोल्डर. आमच्या नावापुढे 'मॅनेजर' असं लिहिलेलं. शेकडो जीबी चढवूनही जीमेलची फुकटची 15 जीबी जागा जराही कमी झाली नव्हती.

त्यातली मेख आता सांगतो, कारण फसवणूक तिथेच आहे. शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल कुणा एका माणसाच्या मालकीची नसते. ज्या संस्थेच्या खात्यात तो ड्राइव्ह बनवला, त्या संस्थेची ती असते, आणि जागाही त्या संस्थेच्या कोट्यातून जाते. साध्या जीमेलवरून असा ड्राइव्ह बनवताच येत नाही, बाहेरून फक्त सभासद होता येतं. 'मॅनेजर' म्हणजे फाइल टाका, काढा, माणसं जोडा, एवढंच. खरी किल्ली त्या संस्थेच्या अ‍ॅडमिनकडे. त्याच्या मनात आलं तर तो आत डोकावू शकतो, तुम्हाला काढू शकतो, सगळा ड्राइव्ह पुसू शकतो.

आणि ती संस्था होती एक शिक्षणसंस्था, तीही परदेशातली. शाळा-कॉलेजांना गूगल पूर्वी अमर्याद जागा देत असे. असल्या खात्यांचा ताबा कसातरी मिळवून ही माणसं त्यात ड्राइव्ह बनवून विकत होती. 2021 मध्ये गूगलने जाहीर केलं की ही सवलत बंद, यापुढे अख्ख्या संस्थेला मिळून 100 टेराबाइट. जुन्या संस्थांना हा नियम जुलै 2022 पासून लागला. मग कोण किती जागा खातंय याची झाडाझडती घेणं प्रत्येक संस्थेला भागच होतं. ज्याला हा व्यवहार माहीत आहे, त्याला आपण विकतोय ते टिकणारं नाही हेही पक्कं माहीत असतं. तरीही तो 'लाइफटाइम' म्हणून विकतो. मी याला सरळ चोरी म्हणतो.

एका सकाळी व्हीएमसीवरच्या पोराचा फोन आला, "सर, जी ड्राइव्ह दिसंना झालाय." जीमेल उघडलं तर शेअर्ड ड्राइव्हची यादी रिकामी, बिनमध्ये काही नाही, एखादा मेलसुद्धा नाही. कॉम्प्युटरवर दिसायच्या त्या फाइल्सही गेल्या, कारण शेअर्ड ड्राइव्हचा माल आपोआप कॉम्प्युटरवर उतरत नाही, क्लाउडमधून हवा तेव्हा ओढला जातो. विक्रेता आधी म्हणाला सर्व्हर शिफ्टिंग चालू आहे. मग म्हणाला रिन्यूअल भरावं लागेल. मग फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला तर भलत्याच व्यवसायाचा निघाला, आणि पैसे ज्या खात्यात गेले ते तिसऱ्याच माणसाचं. गूगलकडेही दाद मागता येत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ग्राहक ती शिक्षणसंस्था, आम्ही कुणीच नाही.

पुढचं काम फार जिवावर आलं. शॉपफ्लोअरवर मशीनशेजारी लॅमिनेट करून लटकवलेली, कूलंटने पिवळी पडलेली ड्रॉइंग्ज काढून स्कॅन केली. पण त्यावरची रिव्हिजन चालू आहे की मागची, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावं लागलं. एका हाउसिंगच्या ड्रॉइंगवर बोअरचा टॉलरन्स (भोकाच्या मापात चालणारा फरक) नव्या रिव्हिजनमध्ये बदलला होता, लटकवलेला कागद जुना होता. तो लॉट तसाच लागला असता तर सगळा रिजेक्ट. गोपनीयतेच्या करारावर आमच्या सह्या आहेत, त्यामुळे ड्रॉइंग्ज परक्या खात्यात होती हे गिऱ्हाइकांना सांगावंच लागलं. एकाने काम थांबवलं. त्याचा राग मला समजतो. आणि तो बायबॅकचा सर्व्हर, त्यातल्या डिस्कसकट, कुठे आहे हे आजही कळलेलं नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते. आमचे केव्हाच पुढे गेले होते.

क्लाउडवर जाऊ नका असं मी म्हणत नाही. आम्हीही आता क्लाउडवरच आहोत, पण डोमेन फर्मच्या नावावर, सुपर अ‍ॅडमिनचा, म्हणजे सगळ्यात वरच्या खात्याचा, पासवर्ड आमच्याकडे, आणि एक प्रत घरी वेगळ्या हार्ड डिस्कवर. विक्रेत्याला एवढंच विचारा: अ‍ॅडमिन कन्सोल, म्हणजे सगळ्या खात्याचा ताबा जिथून चालतो ते पान, कुणाच्या नावावर आहे, आत्ता माझ्यासमोर उघडून दाखव. त्याने "ते आमच्याकडेच असतं, तुम्ही काळजी करू नका" म्हटलं, की तिथेच नमस्कार करा. जीएसटी नंबर पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो, तो पैसे देण्याआधी तपासा. हिशोबाच्या वह्या आणि बिलंही त्याच ड्राइव्हवर असतील तर आणखी जपा. जीएसटीच्या कायद्याने वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ती सांभाळावी लागतात, आणि अधिकाऱ्यासमोर 'ड्राइव्ह गेला' हे उत्तर चालत नाही.

साध्या जीमेलमध्ये 'शेअर्ड ड्राइव्ह'खाली तुमच्या फर्मचं नाव दिसत असेल, तर विक्रेत्याला फोन करू नका. आज रात्रीच हार्ड डिस्क लावून सगळं उतरवून घ्या, आधी ड्रॉइंग्ज आणि प्रोग्रॅम, मग बाकीचं. त्याला जाब विचारला की तो पहिलं तुमचंच नाव काढणार. माल हातात आला की मग फोन करा.