सोलर उत्तम, बोल्ट भिकार: पाचपैकी तीन तारे

रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला आमचं घर, गच्चीवरून समुद्र दिसतो. चार पावसाळ्यांपूर्वी इथल्याच एका एजन्सीकडून 3 किलोवॉटचं सोलर बसवलं. विजेबद्दल तक्रार नाही, नेट मीटरचे कागदही त्यांनीच फिरवले. दोन तारे कापले ते बोल्टांपायी.

मी एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं पाने फिरवलेला माणूस. गणपतीआधी पॅनेल पुसायला वर गेलो, तर अ‍ॅल्युमिनियमच्या रेलवर तांबड्या गंजाचे ओघळ. 13 नंबरचा पाना लावला, तर बोल्टाच्या डोक्याचे पापुद्रेच हातात आले. लोखंडी बोल्ट, वरून जस्ताचा मुलामा! मुलामा आहे तोवर जस्त झिजतं. खाऱ्या वाऱ्यात तो उडाला की लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम समोरासमोर, मध्ये खारट ओल. झाली बॅटरी तयार. बोल्ट गंजतो तो गंजतोच, वर भोकाभोवतीची रेलही खातो.

अर्थिंग तर त्याहून वाईट. तांब्याचा लग (वायरच्या टोकाची चपटी कडी) थेट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर आवळलेला. उचकटला, तर खाली पिठीसाखरेसारखी पांढरी भुकटी आणि फ्रेमला नखाएवढा खड्डा. तांबं शाबूत, अ‍ॅल्युमिनियम फस्त. मल्टिमीटर लावला तर कंटिन्युइटीच नाही, वीज जायची वाटच तुटलेली. म्हणजे अर्थिंग नुसतं दिसायला!

फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी पोरगा आला, हे कबूल. पण बोल्ट आणले पुन्हा तेच.

"काका, स्टेनलेसच आहेत. बघा ना कसे चमकतायत."

खिशातलं लोहचुंबक लावलं, टक्कन चिकटलं. या कामाच्या स्टेनलेसला ते असं चिकटत नाही. डोक्यावर स्टेनलेसच्या प्रतीचा, ए2 (म्हणजे 304) की ए4, कसलाच छाप नाही. त्याला चहा पाजून परत पाठवला.

मग मिरकरवाड्याला होड्यांचं सामान विकणाऱ्याकडे गेलो. त्याने न विचारताच ए4, म्हणजे 316 चे काढले. 304 पेक्षा महाग, पण मॉलिब्डेनममुळे खाऱ्या हवेत जास्त टिकतात. स्टेनलेसही अ‍ॅल्युमिनियमला खातं म्हणा, पण बोल्ट इवलासा आणि रेल लांबलचक असली की झीज पसरते, सावकाश होते. तांबं थेट अ‍ॅल्युमिनियमला लागू नये म्हणून लग कथील चढवलेले घेतले, आणि फ्रेमवरचा अ‍ॅनोडायझिंगचा, वीज अडवणारा थर फोडायला दातेरी वॉशर. आट्यांना ग्रीस मात्र लावाच. स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं. पहिला बोल्ट मी असाच तोडला.

सामानाचे पैसे देतो म्हणालेत एजन्सीवाले. पावती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीय. निळ्या टिका आल्यात, पैसे नाहीत.