आठ महिने पोस्टफिक्स, आणि साडेनऊचं दुखणं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीचा मेल सर्व्हर मीच सांभाळतो. 2 जीबी रॅमचं जुनं मशीन, त्यावर पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेणारा-धाडणारा प्रोग्रॅम, जोडीला आलेले मेल तपासणारा व्हायरस स्कॅनर. पहिले दोन महिने तिकडं बघावंही लागलं नाही. मग रोज सकाळी साडेनऊला मेल यायचे बंद. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकानं धाडलेलं ड्रॉइंग दुपारी मिळायचं. मालक म्हणाले, "ह्यापेक्षा पोस्टमन बरा होता की!"

दोन आठवडे मी केबल आणि राउटर बदलण्यात घालवले. आतून टेलनेट या साध्या प्रोग्रॅमनं सर्व्हरच्या 25 नंबरच्या पोर्टला, म्हणजे मेल येण्याच्या दाराला, जोडलं की 220, म्हणजे 'या, तयार आहे', हमखास यायचं, म्हणून सर्व्हरवर संशयच नव्हता. मेलच्या लॉगमध्ये 'कनेक्ट फ्रॉम अननोन'ची रांग, मधूनमधून 451, म्हणजे 'आत्ता जमत नाही, नंतर या'. शेवटी कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग उघडला. 'आउट ऑफ मेमरी', आणि मारलेली प्रोसेस स्कॅनरची!

पोस्टफिक्स एका वेळी चालू असलेल्या प्रत्येक कनेक्शनला वेगळी एसएमटीपीडी प्रोसेस (मेल आत घेणारी) लावतो, अशा प्रोसेसची मुळातली मर्यादा 100. स्कॅनर एकटाच निम्म्याहून जास्त रॅम खाऊन बसलेला. सकाळी स्पॅमवाल्यांची झुंड आली की उरलेली जागा संपायची आणि कर्नल सगळ्यात जाड्याला, म्हणजे स्कॅनरला, मारायचा. तो पुन्हा उठेपर्यंत चांगल्या मेललाही 451. पाठवणारे सर्व्हर थांबून परत प्रयत्न करतात, म्हणून मेल हरवले नाहीत, नुसते रखडले.

एका टेलनेटला हे दिसणार कसं? संध्याकाळी सगळे गेल्यावर पोस्टफिक्सबरोबरच येणाऱ्या एसएमटीपी-सोर्स या चाचणीच्या प्रोग्रॅमनं एकदम 80 कनेक्शनं सोडली. स्कॅनर आडवा. बिघाड हुकमी घडवता आला याचा इतका आनंद झाला, की लगेच परत एकदा पाडला.

मर्यादा 20 वर आणली आणि दारात पोस्टस्क्रीन, म्हणजे पोस्टफिक्सचाच राखणदार, बसवला. 2011 च्या 2.8 आवृत्तीपासून तो आहेच, मीच वापरत नव्हतो. तो एकटाच सगळी कनेक्शनं झेलतो, अर्धवट 220 दाखवून 6 सेकंद थांबतो. पंगतीत श्लोक संपायच्या आत घास घेणारा जसा पकडला जातो, तसे पूर्ण 220 यायच्या आत बोलणारे घाईचे बॉट, म्हणजे स्पॅम धाडणारे प्रोग्रॅम, सापडतात. पण सापडले तरी मुळात तो नुसती नोंद करतो. सेटिंगमध्ये 'एन्फोर्स' किंवा 'ड्रॉप' लिहिल्याशिवाय त्यांना हाकलत नाही. यात माझा अख्खा दिवस गेला.

आमच्या विक्रीवाल्याच्या मोबाइलवर मेल धाडायला 25 नंबरचा पोर्ट टाकलेला होता; तिथं आता राखणदार, म्हणून तो 587, म्हणजे आपल्या माणसांनी मेल धाडायचा वेगळा पोर्ट, करून दिला. त्यानंतर पाच महिने 'आउट ऑफ मेमरी'ची ओळ कर्नलच्या लॉगमध्ये दिसलेली नाही. त्यामुळं मालकांनी रॅम काही दिली नाही.