प्रश्नावलीत पाट्या टाकणारे: सापळा लावायचा, घड्याळ बघायचं की गणित मांडायचं?

प्रबंधासाठी 50 विधानांची व्यक्तिमत्त्व प्रश्नावली तयार आहे, लिंक ग्रुपांवर फिरणार आहे. भरणाऱ्यांपैकी काहीजण विधानं न वाचताच गोल रंगवत जाणार, हे आत्ताच धरून चाला. मीड आणि क्रेग या संशोधकांनी 2012 साली अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांची लांबलचक प्रश्नावली तपासली, तेव्हा 10 ते 12 टक्के प्रतिसाद निष्काळजी निघाले. स्वतःला चांगलं दाखवण्यासाठी खोटं लिहिणारे वेगळे. ते निदान विधान वाचतात तरी.

‘थोडा कचरा आला तर सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने वरखाली होतात त्याचं माप) जरा कमी दिसतील, एवढंच ना?’ असं पुष्कळांना वाटतं. कधीकधी उलटही होतं. समजा चोरी आणि हिंसा मोजणारे 1 ते 5 गुणांचे दोन विधानसंच, म्हणजे मापन्या आहेत आणि प्रामाणिक माणसं दोन्हींवर 1 च्या आसपास आहेत. न वाचणाऱ्यांची सरासरी दोन्हीकडे 3 येते. मग नसलेला सहसंबंध उभा राहतो, आणि मार्गदर्शक खूश होतात.

उपाय निवडण्याआधी एक लक्षात घ्या: पाट्या टाकण्याच्या तऱ्हा दोन. एकजण सगळीकडे ‘तटस्थ’ रंगवत सरळ खाली उतरतो. दुसरा कुठेही टिचक्या मारतो. एकाला पकडणारं जाळं दुसऱ्याला बहुधा सोडून देतं.

माझं मत आधीच सांगतो: पैसा आणि वेळ बेताचा असेल तर सापळा लावा. म्हणजे मधेच एक विधान घालायचं, ‘या ओळीत “पूर्णपणे असहमत” निवडा.’ पाच पर्याय असतील तर टिचक्या मारणारा एका सापळ्यातून नशिबाने सुटण्याची शक्यता 20 टक्के, दोन्हींतून 4, तिन्हींतून 1 टक्क्याहूनही कमी. सरळ खाली उतरणाराही अडकतो, फक्त प्रत्येक सापळ्याचं बरोबर उत्तर वेगळ्या रकान्यात ठेवा. तिन्हीकडे ‘तटस्थ’ मागितलंत तर तो गडी आरामात पास. ‘माझा जन्म 30 फेब्रुवारीला झाला’ असली बोगस विधानंही वापरतात, पण मला ती कमी आवडतात. कॉलेजातली पोरं गंमत म्हणून ‘सहमत’ टाकतात, आणि वाचून केलेली गंमत म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. पन्नास विधानांत दोन किंवा तीन सापळे पुरेत. त्याहून जास्त झाले की भरणाऱ्याला आपल्यावर पाळत आहे असं वाटू लागतं.

घड्याळ, म्हणजे उत्तरांना लागलेला वेळ मोजणं, स्वस्त आहे आणि दोन्ही तऱ्हांना लागू पडतं. हुआंग आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सुचवलेली मर्यादा आहे दर विधानाला 2 सेकंद. त्याहून वेगात कुणी वाचून उत्तर देत नाही. म्हणजे 50 विधानं 100 सेकंदांच्या आत उरकली तर शंका घ्यावी. अडचण दोन ठिकाणी. गूगल फॉर्म फक्त पाठवल्याची वेळ नोंदवतो, सुरुवातीची नाही. घड्याळ हवं असेल तर लाइमसर्व्हे किंवा क्वालट्रिक्ससारखं साधन घ्यावं लागेल. शिवाय एकूण वेळ फसवते: मधे कुकर लावायला उठलेल्या व्यक्तीची वेळ भरपूर दिसते, उत्तरं मात्र नंतर दीड मिनिटात उरकलेली असतात. म्हणून पानागणिक वेळ घ्या.

लाँगस्ट्रिंग म्हणजे सलग एकच पर्याय किती वेळा आला, त्याची मोजणी. एक्सेलमध्ये जमते. सरळ खाली उतरणाऱ्यांसाठी उत्तम, टिचक्यावाल्यांसाठी निरुपयोगी. मोजणी उलट गुणांकनाच्या (उलट्या अर्थाच्या विधानांचे आकडे फिरवून घेण्याच्या) आधीच्या कच्च्या उत्तरांवर करायची. आणि फॉर्ममध्ये विधानांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवला असेल तर ती विसराच, कारण शीटमधला क्रम त्या माणसाने पाहिलेला नसतो.

टिचक्यावाल्यांसाठी सुसंगतीचे निर्देशांक आहेत, म्हणजे एकाच माणसाची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारे आकडे. एमएमपीआय-2 ही 567 विधानांची व्यक्तिमत्त्व चाचणी. तिच्यातली व्हीआरआयएन मापनी 67 जोड्यांमधून विसंगत उत्तरं शोधते, तर टीआरआयएन 23 विरुद्धार्थी जोड्यांमधून सरसकट ‘होय’ किंवा सरसकट ‘नाही’ म्हणणारे. एवढी लांबी असेल तर हे शोभतं. तुमच्या 50 विधानांत समजा स्वभावाचे पाच गुण, प्रत्येकाची दहा विधानं. सम-विषम पद्धतीने (सम क्रमांकाची विधानं एकीकडे, विषम दुसरीकडे) प्रत्येक गुणाचे दोन भाग पाडले की एका माणसाचा सहसंबंध अवघ्या पाच जोड्यांवर काढला जातो. पाच बिंदूंवरून कुणाला निष्काळजी ठरवायला माझा हात धजत नाही.

मराठीत आणखी एक खोच आहे. ‘मला अनोळखी लोकांत मिसळायला आवडत नाही’ या विधानाला मनमोकळ्या माणसाने ‘असहमत’ म्हणायचं असतं. नकाराला नकार देताना नीट वाचणाराही घसरतो, त्यातून वाक्य शब्दशः भाषांतरित असलं तर बघायलाच नको. अशा वेळी विसंगती माणसाची नसते, वाक्याची असते. ‘अनोळखी लोकांत मी गप्प असतो’ असं लिहिलं तर भानगड टळते.

राहिलं महालनोबिस अंतर. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 साली मांडलेलं हे माप माणसांच्या शरीरमोजणीच्या अभ्यासातून आलं. एखाद्याचा उत्तरांचा नमुना एकूण घोळक्यापासून किती दूर आहे, ते सांगतं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘केअरलेस’ पॅकेजमध्ये ते एका ओळीत निघतं, म्हणून मोहात पाडतं. पण सगळीकडे ‘तटस्थ’ म्हणणारा घोळक्याच्या मध्याजवळच बसतो आणि सुटतो. उलट खरोखर जगावेगळा माणूस बाहेर फेकला जातो, आणि व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात तो तर हवाच असतो. एकट्या या आकड्यावर कुणाला वगळू नका.

तेव्हा गूगल फॉर्मच वापरणार असाल तर तीन सापळे, ठरलेला क्रम आणि लाँगस्ट्रिंग. घड्याळवालं साधन मिळालं तर दोन सापळे आणि पानागणिक वेळ. किती सापळे चुकले की वगळायचं, ते डेटा उघडण्याआधी कागदावर लिहून ठेवा, आणि निष्कर्ष वगळून व न वगळता असे दोन्ही छापा.

शेवटी एक फुकटचा प्रश्नही घाला: ‘खरं सांगा, तुमची उत्तरं अभ्यासात धरावीत का? “नको” म्हणालात तरी तुमचं काही नुकसान नाही.’ थोडेजण खरंच ‘नको’ लिहितात.