बॅटरीवरचा स्टेपलर : स्क्रब नर्सचं मत
परळच्या एका हॉस्पिटलात मी स्क्रब नर्स आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत स्टेपलर, म्हणजे ऊती पिनांनी जोडून मधोमध कापणारं साधन, भरून सर्जन सरांच्या हातात द्यायचं काम माझं. 60 मिलिमीटरचा बॅटरीवाला स्टेपलर मला मनापासून आवडतो. हाताने दाबायच्या स्टेपलरला जाड जठरावर जोर लावावा लागतो, टोक हलतं. हा स्थिर राहतो. एका फायरिंगमध्ये, म्हणजे एकदा चालवल्यावर, टायटॅनियमच्या पिनांच्या सहा ओळी बसतात, मधून पातं जातं, दोन्ही कडांना तीन-तीन ओळी उरतात.

खरी मेख कार्ट्रिजच्या, म्हणजे स्टेपलरमध्ये बसवायच्या पिनांच्या पट्टीच्या, रंगात आहे. नेहमीच्या संचात पातळ ऊतीला पांढरं, मध्यम जाडीला निळं, जठराच्या खालच्या जाड भागाला हिरवं. निळ्यातली पिन 3.5 मिलिमीटरची, मिटल्यावर 1.5 ची. जाड ऊतीवर छोटी पिन नीट मिटत नाही, मग गळतीची भीती. म्हणून मी रंग मोठ्याने उच्चारूनच देते. कंपनीगणिक रंग बदलतात, हे नव्या मुलींनी पाठच करावं! स्टेपलरचा जबडा ऊतीवर मिटल्यावर फायर करण्याआधी थोडं थांबायचं, ऊतीतलं पाणी दबून बाजूला सरतं.

खटकतो तो खर्च. कार्ट्रिज एकदाच वापरायचं, आणि जठर लहान करण्याच्या एका शस्त्रक्रियेत अशी बरीच लागतात. नातेवाइकांना हा आकडा ॲडमिशनच्या वेळीच सांगायला हवा.