१४ महिने स्प्लिट आणि एक ओली उशी

रात्री अडीचला कानशिलावर थेंब पडला. आधी वाटलं घाम असेल. पण एसी चालू असताना कसला घाम? दिवा लावला, तर स्प्लिटच्या डाव्या कोपऱ्यातून दर चार-पाच सेकंदांनी एक थेंब, नेम धरून माझ्या उशीवर. बायकोची उशी कोरडी ठणठणीत. विंडो एसी घ्यावा की स्प्लिट, हे लिहायला बसलो ते त्याच रागात, त्यामुळे सुरुवातीचा भाग तिखट झालाय. तो तसाच ठेवतोय.

लहान खोलीत ११ वर्षांचा विंडो आहे आणि झोपायच्या खोलीत १४ महिन्यांपूर्वी घेतलेला इन्व्हर्टर स्प्लिट. दोन्ही दीड टनाचे. विंडो म्हणजे खिडकीत बसणारं एकच खोकं; स्प्लिटचा एक भाग आत भिंतीवर, दुसरा बाहेर. टन म्हणजे गार करायची ताकद, गॅस म्हणजे बंद नळ्यांतून फिरून खोलीतली उष्णता बाहेर नेणारा वायू, कॉम्प्रेसर म्हणजे तो गॅस दाबून फिरवणारा पंप आणि इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसर बंद-चालू करण्याऐवजी त्याचा वेग कमी-जास्त करणारी सोय.

वीज हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून ते आधी उरकतो. दोन्हींना वेगळे छोटे मीटर लावलेत. जुना विंडो कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत १६०० वॅटच्या आसपास खातो, मग बंद पडतो, मग धाडकन पुन्हा सुरू. स्प्लिट पहिला अर्धा तास जोरात खातो आणि खोली गार झाली की ४००-५०० वर येऊन मुकाट चालत राहतो. पहिले काही महिने मी रोज सकाळी आकडे वहीत उतरवायचो आणि घरातल्यांना वाचून दाखवायचो. घरातले मला टाळायचे. मात्र ही करामत इन्व्हर्टरची, स्प्लिटची नव्हे. इन्व्हर्टर विंडोही मिळतो, हे मला स्प्लिट घेऊन झाल्यावर कळलं.

आवाजाबद्दल वाद नाही. विंडोत कॉम्प्रेसर डोक्याशी असतो, स्प्लिटचा भिंतीपलीकडे. शांततेसाठीच स्प्लिट घेतला. आता ती इतकी आहे की थेंब उशीवर पडतानाचा ‘टप’ स्पष्ट ऐकू येतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे पाण्याचं. एसी घेताना सगळे गारव्याबद्दल विचारतात, पाणी कुठे जाणार हे कोणी विचारत नाही. हवेतला दमटपणा आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर पाणी होऊन उतरतो आणि दमट दिवसांत रात्रभरात बादली भरते. विंडोने हे पाणी किती हुशारीने वापरलंय बघा. तो बाहेरच्या बाजूला किंचित झुकता बसवतात, पाणी मागच्या तळात जमतं आणि बऱ्याच मॉडेलांत मागच्या पंख्याच्या पात्यांभोवतीची कडी तेच पाणी उडवून तापलेल्या जाळीवर मारते. जाळी निवते, पाण्याची वाफ होते, कॉम्प्रेसरचा भार हलका होतो. फुकटचं पाणी कामाला लावणारं यंत्र! मागून येणाऱ्या ‘छपछप’ आवाजाला मी ११ वर्षं शिव्या दिल्या. तो बिघाड नव्हताच, काटकसर होती. माझ्यासारख्या माणसाने तरी ती ओळखायला हवी होती.

स्प्लिटमध्ये तेच पाणी थंड जाळीखालच्या एका पन्हाळीत जमतं आणि बोटभर जाडीच्या पाइपातून, निव्वळ उताराच्या भरवशावर, बाहेर जातं. ना पंप, ना जोर. उतार चुकला, पाइपात पोटासारखा झोल आला किंवा आत बुळबुळीत गाळ साचला, की पाणी मागे वळतं. आणि मागे माझी उशी.

कंपनीच्या सर्व्हिसचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. पलंगावर चढला, झाकण उघडलं आणि दोन मिनिटांत निदान केलं, “गॅस कमी झालाय, भरावा लागेल.” मी म्हटलं, गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आधी गळती दाखवा. गॅस कमी पडला तर जाळीवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी गळतं, हे खरं आहे. पण बर्फ कुठाय? थर्मामीटर लावून दाखवला. खोलीत २७, जाळीतून येणारी हवा १४. गॅस कमी असता तर एवढी गार हवा आली असती का? त्यावर तो म्हणाला, “काका, मशीन मला कळतं का तुम्हाला?” मग माझाही आवाज चढला. तो कागदावर ‘ग्राहकाने काम नाकारले’ असं लिहून गेला. उशी ओली ती ओलीच.

इथवर लिहून झालं होतं आणि पुढचं वाक्य ठरलेलं होतं, ‘डोळे मिटून विंडो घ्या.’ पण मधे चार दिवस गेले आणि एक दुसरा, वयस्क मेकॅनिक येऊन गेला. त्यांनी एसीला हातही लावला नाही. सरळ मागे बाल्कनीत गेले आणि विचारलं, “ही बादली कोणी ठेवली?”

मी ठेवली. एवढं पाणी वाया कशाला घालवायचं, फरशी पुसायला होतं, म्हणून. शिंतोडे उडू नयेत म्हणून पाइपाला फूटभर नळी जोडून ती बादलीच्या तळापर्यंत सोडली, हेही माझंच डोकं. त्यांनी समजावलं, की पाइपाचं तोंड पाण्यात बुडालं की आत हवा कोंडते आणि पाणी तुंबतं. ते कंपनीच्या पुस्तिकेतही लिहिलेलं निघालं. पुस्तिका वॉरंटी कार्डासकट प्लास्टिकमध्ये जपून ठेवली होती, न उघडता.

मी गप्प झालो होतो. मग त्यांनी पिशवीतून पाणसळ (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) काढून एसीच्या आतल्या युनिटवर ठेवली आणि बुडबुडा उजवीकडे सरकला. म्हणजे युनिट डावीकडे उतरतं बसवलेलं, आणि पाइपाचं तोंड उजव्या अंगाला. बसवणाऱ्याने पाणसळ लावलीच नव्हती. मला जरा बरं वाटलं. निम्मा दोष तरी दुसऱ्याचा निघाला.

तेव्हा सुधारित मत असं. विंडो कारखान्यातून पूर्ण होऊन येतो. त्याचा गॅस तिथेच भरून बंद केलेला असतो, घरी फक्त चौकटीत बसवायचा आणि फटी बुजवायच्या. स्प्लिट तुमच्या भिंतीवर पूर्ण होतो. तांब्याच्या पाइपांचे सांधे, आतली हवा काढणं, पाण्याचा उतार, सगळं त्या दिवशी आलेल्या माणसाच्या हातात आणि घाईत. म्हणून ब्रँडवर महिनाभर डोकं खाण्यापेक्षा बसवणारा व्हॅक्यूम पंप (पाइपांतली हवा ओढून काढणारा) आणि पाणसळ घेऊन आलाय का, ते बघा. तो जाण्याआधी पन्हाळीत तांब्याभर पाणी ओतायला लावा आणि बाहेर येतंय का, हे स्वतः जाऊन बघा. ते न करता मी त्याला चहा विचारत बसलो होतो.

घर वरचेवर बदलत असाल, खिडकी अडली तरी चालणार असेल आणि झोप गाढ असेल, तर विंडो. उचलला की निघाला. स्प्लिट हलवायचा तर दर वेळी सांधे पुन्हा उघडायचे. माझी झोप सावध, त्यामुळे मी पुन्हाही स्प्लिटच घेईन, हे कबूल करताना जिवावर येतंय. फिल्टर मात्र दोन्हींचे पंधरवड्याला धुतोच.

बादली अजून बाल्कनीत आहे. पाइप कापून तिच्या काठाच्या चार बोटं वर बांधलाय, शिंतोडे उडतात ते उडू देत. युनिट सरळ करून झालं, गळती थांबली. तरी रात्री जाग आली की मी उशीवर हात फिरवून बघतो. परवा बायकोला म्हटलं, आपण बाजू बदलून झोपू या का. तिने कूस बदलली.