गरोदरपणात इन्सुलिन पेन: मार्च ते जून, अकोल्याच्या उन्हाळ्यात

इन्सुलिन सुरू झालं आणि मी पुन्हा पोटभर जेवायला लागले. हे सगळ्यात आधी सांगते, कारण आमच्याकडे इन्सुलिन म्हटलं की ‘आता हिचं खाणंपिणं संपलं’ असंच लोकांना वाटतं.

७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी माझी शुगर १६८ आली. ही तपासणी सरकारी दवाखान्यातही होते, आणि १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. आधी दोन आठवडे फक्त आहार आणि चालणं. जेवणानंतरचे आकडे १२० च्या आत आले, पण सकाळचा उपाशीपोटीचा आकडा ९५ च्या खाली यायलाच तयार नव्हता. रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपले तरी सकाळी १०२. डॉक्टरांनी समजावलं की रात्री यकृत स्वतःहून साखर सोडत असतं आणि वारेतली (प्लॅसेंटामधली) संप्रेरकं (हार्मोन्स) आपल्याच इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. रात्रीचं जेवण आणखी तोडून हा आकडा उतरणार नव्हता. माझं वजन वाढणं थांबलं होतं आणि सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर मात्र पुढे पळत होता. इन्सुलिनचा निर्णय त्यावरून झाला. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. हे ऐकल्यावर मला मनापासून हलकं वाटलं.

झोपताना ४ युनिट (इन्सुलिनचं माप), धीम्या असराचं, पेनासारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनातून. सकाळच्या आकड्यावरून डोस दोन-दोन युनिटनं वाढत गेला. महिन्याभरात नाश्त्यानंतरचे आकडेही चढले, तेव्हा सकाळी जलद असराचं दुसरं पेन आलं. सकाळी शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं हे ग्लुकोमीटरनं मला रोज दाखवलं. तेच पोहे नाश्त्याला खाल्ले तर १५०, चार वाजता थोडे खाल्ले तर ११५. शेवटी नाश्त्याला बेसनाचं धिरडं आणि वाटीभर दही पक्कं झालं. दुपारी दोन भाकऱ्या, घट्ट वरण, मेथी, काकडी. आमरस नाही, पण आंब्याच्या दोन फोडी दुपारी चार वाजता, डॉक्टरांना विचारून. एप्रिल-मे महिन्यात तेवढंही खूप होतं.

आता सुई. पेनाची सुई ४ मिलिमीटरची आणि केसासारखी बारीक असते. पोटाच्या बाजूला किंवा मांडीला टोचायची. पोटावर टोचलं तर बाळाला लागेल ही भीती माझ्या जावेलाही होती, पण सुई कातडीखालच्या चरबीतच राहते. टोचण्यापेक्षा बोटातून रक्त काढणं मला जास्त दुखायचं. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचायला लागले तेव्हा ते कमी झालं. दरवेळी नवी सुई लावायची, आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं, डोस दिल्यावर दहा अंक मोजून मगच सुई काढायची. रात्रीचं इन्सुलिन ढगाळ असतं, ते तळव्यांमध्ये हलकेच घोळवून, वरखाली करून एकसारखं करावं लागतं. जोरात हलवायचं नाही.

एक गोष्ट दुकानात नीट बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटर असतं आणि पेनातलं १००. सिरिंजही तशाच वेगळ्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. पेन बिघडलं म्हणून त्याच्या काडतुसातलं (आतल्या नळीतलं) इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं तर अडीचपट डोस जातो. मला एका दुकानदारानं ‘चालते ना ताई’ म्हणत तेच करायला सांगितलं होतं. चालत नाही.

अकोल्याचा मे महिना हा या सगळ्यातला खरा कठीण भाग. पारा ४४-४५ वर आणि दुपारी वीज गेलेली. न उघडलेली काडतुसं फ्रिजच्या दारात ठेवली, बर्फाच्या कप्प्याजवळ अजिबात नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरात असलेलं पेन चार आठवडे खोलीत चालतं, पण खोली ३० अंशांच्या आत असेल तर. आमची नव्हती. सासूबाईंनी मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून त्यात छोटं मडकं बसवलं. पेनं प्लॅस्टिकच्या डब्यात घालून त्या मडक्यात, वर ओलं फडकं. ही जुनीच पद्धत आहे आणि वीज नसताना तिनं माझं इन्सुलिन सांभाळलं. पेनावर सुई लावून ठेवू नका, उष्णतेनं थेंब गळतात आणि आत हवा शिरते.

त्याच सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, “आता हे जन्मभर लागन काय वं बाई?” मी त्यांना पुढच्या तपासणीला सोबत नेलं. वार पडली की गरज बहुतेकींची त्याच दिवशी संपते, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर त्या स्वतः वहीत आकडे लिहायला लागल्या.

साखर उतरण्याचे प्रसंगही आले. एकदा पहाटे तीनला घामानं भिजून, हात थरथरत जाग आली. मीटरवर ६२. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायले, पंधरा मिनिटांनी ८८, मग दूध आणि अर्धी पोळी. बिस्किट किंवा चॉकलेटनं साखर हळू चढते, म्हणून ग्लुकोजची पुडी उशाशीच ठेवा. शेवटच्या महिन्यात आकडे अचानक उतरून इन्सुलिनची गरज एकदम कमी झाली, तर ‘बरं झालं’ समजून गप्प बसू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.

खर्चाचं बोलायचं तर इन्सुलिनपेक्षा ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात. रोज चारदा तपासणं आणि एक पट्टी वीस रुपयांच्या आसपास. इथे घरोघरी काटकसर होते ती याच ठिकाणी, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आकडा माहीत नसेल तर डोस वाढवणार कशावरून?

शेवटी दोन्ही पेनं मिळून इन्सुलिनचा डोस रोज तीस युनिटच्या वर गेला होता. जूनमध्ये मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. टाचेतून रक्त घेऊन तिची साखर तपासली, तासाभरात अंगावर पाजलं, ती ठीक होती. माझं इन्सुलिन त्या दिवसापासून बंद. सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी केली, नॉर्मल आली. बाळाच्या धावपळीत ही तपासणी बऱ्याच जणींची राहून जाते. पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता आपल्यासारख्यांना जास्त, त्यामुळे मी ती आता दरवर्षी करणार आहे, आणि दुसऱ्या वेळी दिवस गेले तर सातव्या महिन्याची वाट न बघता पहिल्याच भेटीत करून घेईन.